प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

बारावीचा निकाल लागला की दापोडी, कासारवाडी, भोसरीपासून चाकणपर्यंत आपल्या घराघरांतून एकच विचारणा होते. "मुलाला फार्मसीला घातले तर नोकरी लागेल का?" कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाला वाटते की पोराच्या अंगावर पांढरा कोट यावा. आईला वाटते, मेडिकल दुकानाला मरण नाही, लोक आजारी पडणारच. दोघांचेही वाटणे चुकीचे नाही. पण या विषयाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ती समजून न घेता मुलाला प्रवेश घेऊन दिला, तर दोन-चार वर्षे आणि बापाचे कर्ज दोन्ही वाया जाण्याची भीती आहे. म्हणून वाचकहो, आज थोडा हिशेब मांडू या.

पिंपरी आणि औषध

पिंपरीचे औषधाशी नाते जुने आहे. आज या भागाची ओळख मोटारींच्या कारखान्यांवरून होते. परंतु १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीतच स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने येथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील ही देशातली पहिली औषध कंपनी. येथील शास्त्रज्ञांनी हमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नावच पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे ठेवले गेले.

या कंपनीने एका पिढीला कायम नोकरी, कॉलनीतले घर आणि निवृत्तीनंतरची निश्चिंती दिली. पुढे कंपनी आजारी पडली. १९९७ मध्ये तसे जाहीरही झाले. कामगारांचे पगार थकत गेले. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीसह तीन सरकारी औषध कंपन्यांच्या कामगारांचे थकलेले पगार व स्वेच्छानिवृत्ती यांसाठी ३३० कोटी ३५ लाख रुपये मंजूर केले. त्यातला मोठा वाटा पिंपरीचा होता.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की "औषधाचा धंदा कधी बसत नाही" हे म्हणणे धंद्याच्या बाबतीत खरे असेल, नोकरीच्या बाबतीत नाही. औषधे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक खपतात. मग त्या औषधांपाठी उभ्या असणाऱ्या माणसाचा पगार का वाढत नाही?

बारा तासांचा हिशेब

डी.फार्म. झालेला मुलगा प्रथम जातो तो मेडिकल दुकानात. आपल्या परिसरात नव्या मुलाला बारा ते अठरा हजारांच्या आसपास बोलले जाते. आपण पंधरा हजार धरू. हजेरी सकाळी नऊ ते रात्री नऊ. मध्ये जेवणाला अर्धा तास, तोही गिऱ्हाईक आले तर मोडायचा. महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ३१२ तास झाले. पंधरा हजारांना ३१२ ने भागले तर तासाला ४८ रुपये पडतात.

आता हेच काम आठ तासांचा दिवस धरून मोजा. २६ दिवसांचे २०८ तास, म्हणजे तासाला ७२ रुपये. रोजचे वरचे चार तास महिन्याला १०४ होतात. वेतन संहितेप्रमाणे ठरलेल्या दिवसापेक्षा जास्त काम घेतले तर दर दुप्पट द्यावा लागतो. १०४ तासांचे १४४ रुपयांनी जवळपास पंधरा हजार होतात. म्हणजे पंधरा हजारांत बारा तास उभा राहणारा मुलगा दर महिन्याला आणखी पंधरा हजार मालकाच्या गल्ल्यात सोडून येतो.

कामाच्या तासांना कायदा नाही का? आहे, पण त्याला पळवाटा आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. आता सांगा, आपल्या चौकातल्या कोणत्या मेडिकलमध्ये वीस माणसे काम करतात? भविष्य निर्वाह निधीलाही वीस माणसांची अट आणि राज्य विमा योजनेला दहाची. म्हणून छोट्या दुकानातल्या फार्मासिस्टला निधी नाही, विमा नाही. रोज दुसऱ्याला औषध देणारा स्वतः आजारी पडला तर त्याची रजा बिनपगारी. चिंचवडच्या मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे, पण त्याचे दार त्याच्यासाठी बंद.

किमान वेतनाचा हक्क मात्र दुकान कितीही लहान असले तरी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नेमणूक पत्राचीही तरतूद आहे. पण मागणाराच नसेल तर कायदा कागदावर राहतो. बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकामुळे कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याला आता ऐंशी वर्षे होत आली, आणि आपली शिकलेली मुले आठवड्याला ७२ तास उभी आहेत. ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

भाड्याची भिंत

आता मूळ दुखण्याकडे येऊ. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली १९४५ मध्येही त्याच्या देखरेखीशिवाय अशी विक्री चालत नाही. म्हणजे दुकान उघडे तोपर्यंत फार्मासिस्ट हजर असला पाहिजे.

चाकण-भोसरीकडची दुकाने सकाळी आठला उघडतात आणि दुसऱ्या पाळीचे कामगार घरी परतेपर्यंत, रात्री अकरापर्यंत चालू असतात. रोजचे पंधरा तास, महिन्याचे साडेचारशे. एक माणूस आठ तासांप्रमाणे २०८ तास देऊ शकतो. म्हणजे कायदा सरळ पाळला तर एका दुकानात दोन फार्मासिस्टांची पूर्ण नोकरी आहे, आणि वर थोडे काम उरते.

प्रत्यक्षात काय दिसते? भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र आणि काउंटरवर दहावी-बारावी झालेला पोऱ्या. ज्याचे प्रमाणपत्र तो दुसऱ्याच कंपनीत नोकरी करतो, किंवा गावी शेती बघतो, किंवा ती लग्न होऊन सासरी गेलेली असते. महिन्याला काही हजार रुपये घरबसल्या मिळतात. घेणारा म्हणतो, "फुकटचे पैसे आहेत, काय वाईट?"

बंधूंनो, हे पैसे फुकटचे नाहीत. मालकाला काही हजारांत कायद्याची गरज भागवता येत असेल, तर तो पंचवीस हजार देऊन माणूस कशाला ठेवील? तुमच्या भाड्याच्या प्रमाणपत्राने त्या दुकानातली दोन माणसांची नोकरी खाल्ली. ती दोन माणसे तुमच्याच वर्गातली, कदाचित तुमच्याच वस्तीतली आहेत. आणि उद्या तुम्हीच खरी नोकरी मागायला गेलात, तर मालक तुम्हाला भाड्याचाच दर सांगेल.

शिवाय धोका वेगळाच. शेड्यूल एच-वन मधील औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. हा नियम मार्च २०१४ पासून आहे. झोपेच्या गोळ्या, काही तीव्र प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे यांची विक्री त्यात लिहायची. वहीत गफलत सापडली की विचारणा होते ती नोंदणी क्रमांक असलेल्या माणसाची. दुकानात कधी पाऊलही न टाकलेल्याला उत्तर द्यावे लागते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. तेव्हा कारखान्याच्या मालकापाशी आणि डॉक्टरापाशी चौकशी थांबली नाही, औषध दुकानापर्यंतही पोहोचली. नोंदणीपुस्तकातून नाव काढून टाकण्याचा अधिकार राज्य फार्मसी कौन्सिलला आहे. नाव गेले की चार वर्षांचे शिक्षण गेले.

काही वर्षांपूर्वी याच प्रश्नावर महाराष्ट्रात मोठी खळबळ माजली होती. २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी "फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही" या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली. दुकानांवर कारवाया झाल्या, औषध विक्रेत्यांनी विरोध केला, बंदही पुकारले. विक्रेत्यांचे म्हणणे होते की एवढे फार्मासिस्ट आणायचे कुठून? आज ती सबब उरलेली नाही. माणसे आहेत, आणि भरपूर आहेत.

माणसे जास्त का झाली?

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. कारण महाविद्यालये भरमसाट झाली होती. संस्थाचालक न्यायालयात गेले. अशी बंदी केवळ ठरावाने घालता येत नाही, असे म्हणत सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कौन्सिलचे अपील फेटाळले. त्यानंतर पुन्हा नव्या महाविद्यालयांची रांग लागली. काही ठिकाणी प्रयोगशाळा नावालाच, शिक्षक कागदावर. दाखला मिळतो, पण मुलाला औषधाच्या मात्रेचा हिशेब येत नाही. अशा मुलाला मालक पगाराच्या बाबतीत हवे तसे वाकवतो.

सरकारी जागा

सरकारी नोकरीत चित्र वेगळे आहे. जिल्हा परिषद व आरोग्य विभागातील औषध निर्माण अधिकारी या पदाला सातव्या वेतन आयोगात २९,२०० ते ९२,३०० अशी श्रेणी आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. रेल्वेतही सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० आहे. २०२३ मध्ये जिल्हा परिषदांच्या १९,४६० जागांची जी जाहिरात निघाली, तिच्यात हे पद होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे संत तुकाराम नगरचे वायसीएम, चिंचवडचे तालेरा, तसेच भोसरी, आकुर्डी, थेरगाव अशी रुग्णालये आहेत. चाकणला शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. या सर्व ठिकाणी औषध भांडार म्हणजे रुग्णालयाचा कणा.

परंतु कायम जागा थोड्या आणि त्या निघतात वर्षांनी. मधल्या काळात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी भरती होते. तेथे फार्मासिस्टला जाहिरातीत साधारण १७ हजार रुपये दिसतात. खिडकी तीच, गोळ्या त्याच, रांग तीच. एकाला २९,२०० आणि भत्ते, दुसऱ्याला १७ हजार आणि अकरा महिन्यांनी पुन्हा ऑर्डरची वाट. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना पुन्हा संप करावा लागला. तरीही कंत्राटी अनुभवाला कमी लेखू नये. तेथे काम शिकायला मिळते. फक्त तेथे बसून परीक्षेचा अभ्यास सोडू नये.

बी.फार्म. झालेल्यांना औषध निरीक्षक होण्याची वाट आहे. ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. आपल्यातला मुलगा किंवा मुलगी निरीक्षक झाली तर तिला भिंतीवरच्या प्रमाणपत्रामागचा माणूस शोधता येईल.

कारखान्यातील वाट

भोसरी आणि हिंजवडीत एमक्युअरसारख्या औषध कंपन्या आहेत. उत्पादन, गुणवत्ता तपासणी, गुणवत्ता हमी असे विभाग असतात. येथे पदविकेपेक्षा पदवीला मान आहे. औषध उत्पादनावर देखरेख करणारा तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळण्यासाठी पदवीनंतर अठरा महिन्यांचा उत्पादनाचा अनुभव लागतो. म्हणून पहिली दीड-दोन वर्षे पगार कमी असला तरी अनुभवाचे लेखी पत्र मिळत असेल तर तो काळ वाया जात नाही. शेड्यूल एम चे नियम नव्याने कडक झाल्याने नोंदी नीट ठेवणाऱ्या, इंग्रजीत अहवाल लिहू शकणाऱ्या माणसांची गरज वाढली आहे. पण सावध राहा. ट्रेनी म्हणून घ्यायचे, वर्षभर राबवायचे आणि पत्र न देता सोडायचे, असेही प्रकार चालतात.

मोटारींच्या कारखान्यांतही थोडी जागा आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या मोठ्या कारखान्यांच्या आरोग्य केंद्रासाठी कारखाना नियमांत डॉक्टर व परिचारिकेबरोबर 'ड्रेसर-कम-कंपाउंडर' हे पद वर्षानुवर्षे आहे. पद जुने, नाव जुने, पण काम पाळीचे आणि ठरलेल्या तासांचे.

भगिनींसाठी

फार्मसीला मुली मोठ्या संख्येने जात आहेत, ही आनंदाची बाब. पण मुलीला दुकानात पाठवताना पालक फक्त "पगार किती" एवढेच विचारतात. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. दुकानात किंवा जवळ स्वच्छतागृह आहे का? रात्री किती वाजता सुटणार आणि घरी कशी येणार? बसायला खुर्ची आहे का? खुर्चीचे ऐकून कोणी हसेल. परंतु केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, कंबर जाते, हे ज्या बाया सोसतात त्यांनाच ठाऊक.

आणखी एक. मुलीचे लग्न ठरताना "प्रमाणपत्रावर दुकान टाकू" असे सासरकडचे म्हणतात. टाकावे, अवश्य टाकावे. पण परवाना तिच्या नावावर, बँकेचे खाते तिच्या नावावर आणि काउंटरवर ती स्वतः असावी. नाहीतर तेही भाड्याचेच प्रमाणपत्र, फक्त भाडे न देता घेतलेले.

प्रवेशापूर्वी एवढे करा

पदविका दोन वर्षांची, तिच्यानंतर पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. प्रवेश बारावी विज्ञानाच्या गुणांवर मिळतो. पदवी चार वर्षांची, तिला सीईटी लागते. जमत असेल तर पदवीच घ्यावी. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येते, हेही लक्षात ठेवावे. पदविकेसाठी कौन्सिलने २०२२ मध्ये निर्गम परीक्षेचे विनियम काढले आहेत, त्याची चौकशी प्रवेशावेळीच करावी.

महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते संस्थेच्या जाहिरातीवरून नव्हे, कौन्सिलच्या यादीवरून पाहावे. प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून यावी. मागच्या वर्षीच्या दोन मुलांना गाठून विचारावे.

जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या वर्षातच काढून ठेवावा. वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या व घर सोडून शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत होते. रेल्वे व केंद्राच्या नोकरीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना तो हक्क आहे, पण नमुना चुकला म्हणून अर्ज बाद होऊ देऊ नये.

ज्यांना स्वतःचे दुकान टाकायचे आहे त्यांनी जनऔषधी केंद्राचा विचार करावा. त्यात अनुसूचित जातीच्या अर्जदारांना अर्जाचे शुल्क माफ आहे आणि फर्निचर व संगणकासाठी एकरकमी प्रोत्साहनाचीही तरतूद आहे. आपल्या वस्तीत स्वस्त औषध मिळेल आणि आपला माणूस मालक होईल.

नोकरीच्या पहिल्या दिवशी

नोकरी लागली की नेमणूक पत्र मागा. त्यावर पद 'फार्मासिस्ट' असेच लिहिलेले हवे, 'सेल्समन' किंवा 'हेल्पर' नको. पगार बँकेतून घ्या. हजेरीची वेळ लिहून ठेवा. साधी डायरी चालेल, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आमच्या कारकुनी जगात एक म्हण पाळली जाते, जे लिहिले तेच झाले. उद्या कामगार अधिकाऱ्यापुढे उभे राहायची वेळ आली तर ही डायरीच बोलेल. नोकरी सोडली की त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवून पोच घ्या, नाहीतर तुमच्या नावावर दुकान चालूच राहील.

आणि एकट्याने मागू नका. एकट्याने आठ तास मागितले तर मालक दुसरा मुलगा आणतो. पिंपरी, भोसरी, चाकणमधील आपल्या समाजातील फार्मासिस्टांनी महिन्यातून एकदा विहारात किंवा समाजमंदिरात एकत्र बसावे. कोणत्या दुकानात किती तास, किती पगार, याची एक वही करावी. किमान किती पगाराखाली आपल्यातले कोणी कामाला जाणार नाही, ते ठरवावे. आणि पहिला ठराव हा करावा, की आपल्यातले एकही प्रमाणपत्र भाड्याने जाणार नाही. ज्याला दुसरी नोकरी आहे त्याने ते घरच्या कपाटात ठेवावे.

औषध घेणाऱ्या आपण सर्वांनीही एक गोष्ट करावी. मेडिकलमध्ये गेल्यावर आवाज न चढवता विचारावे, "फार्मासिस्ट कोण आहेत? गोळी जेवणाआधी की नंतर, त्यांनाच विचारायचे आहे." फार्मसी प्रॅक्टिस विनियम २०१५ प्रमाणे रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे काम आहे. हा प्रश्न दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी विचारला, तर मालकाला काउंटरमागे शिकलेला माणूस उभा करावाच लागेल, आणि तो माणूस कदाचित आपल्याच घरातला असेल.